आधी मी, मग तू

१० मार्च

बाबा,

हे पत्र आत्याने मोठ्याने वाचून दाखवायचं नाही. पाकीट तीच फोडणार, म्हणून तिलाच आधी सांगतो: आत्या, घडी घाल आणि त्यांच्या हातात दे. चष्मा त्यांच्याच खिशात असतो.

फोन करून उपयोग नाही हे आता माझ्या डोक्यात शिरलंय. एक तर तुमच्या कानांनी जन्मभर तलावाचं पाणी प्यायलंय, त्यामुळे निम्मं ऐकू येत नाही. आणि मी कधीही फोन केला तरी तुम्ही अंघोळीला गेलेले असता. निवृत्त माणूस दिवसातून इतक्या वेळा अंघोळ करतो हे मला माहीत नव्हतं. आत्याला खोटं बोलता येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा तिला जरा नवीन कारण तरी द्या.

कामाचं बोलतो. पंधरा एप्रिलला मोठ्या वयाच्या नवशिक्यांचा पोहण्याचा वर्ग सुरू होतोय. चाळिशी उलटलेली, पाण्यात कधी तोंडसुद्धा न घातलेली मंडळी. या वर्गाला शिक्षक पाण्यातच लागतो. तुमचीच पद्धत: शिक्षकाने आधी उतरायचं, छातीभर पाण्यात उभं राहायचं आणि मग काठावरच्याला हात द्यायचा. ‘आधी मी, मग तू.’ काठावरून शिट्ट्या मारणाऱ्या शिक्षकाला तुम्ही वाहतूक पोलीस म्हणायचात. सध्या तो पोलीस मीच आहे. डावा खांदा दुखावलाय, पाण्यात उतरता येत नाही. जुन्या वर्गांचं वरून शिट्टीवर भागतं, पण या वर्गाचं भागणार नाही.

तर महिनाभर येऊन तो वर्ग सांभाळाल का? तुमच्या खोलीत काही हलवलेलं नाही. तुमची सून तर म्हणते, बाबांनी यावं म्हणून मी तो रेडिओसुद्धा सहन करीन.

दोन वर्षांपूर्वीचं मी काही काढत नाही. तुम्ही निरोपाच्या दिवशी सगळे जुने विद्यार्थी चड्ड्या घालून, टोप्या चढवून तयार असताना शेवटची एक फेरी त्यांच्याबरोबर मारायला नकार दिलात, गळ्यापर्यंत बटणं लावून खुर्चीत बसून राहिलात, शिट्टी माझ्या हातात कोंबलीत आणि त्याच आठवड्यात आत्याकडे निघून गेलात. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही.

तुमचा,
बेडक्या


२१ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. ‘खांद्याला शेक दे. बाहेर येताना कठड्यावर चढू नको, शिडी वापर. मी येणार नाही. पाण्यात उतरणं मी सोडलं आहे. कारण विचारू नये.’ तार पाठवायची सोय बंद झाली हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

बरं, नाही विचारत. पण मला जे वाटतं ते सांगायला तर बंदी नाही? मला वाटतं तुम्ही माझ्यावर रुसला आहात. तुमच्या जागी मला मुख्य शिक्षक केलं ते तुम्हाला झोंबलं. व्यवस्थापकांनी तुम्हाला अजून दोन वर्षं ठेवायला हवं होतं असं तुमच्या मनात असणार, आणि मी गुपचूप पुढे होऊन शिट्टी गळ्यात घातली. मी पुढे झालो नव्हतो. तुम्हीच आठ-दहा महिने आधीपासून काठावर बसायला लागला होता. शर्ट घालून. मला वाटायचं, बाबा थकले. मग वाटायला लागलं, बाबांना माझं शिकवणं बघवत नाही.

आज चिडलोय, त्यामुळे अक्षर खराब आहे. व्यवस्थापकांनी सकाळी बोलावून विचारलं, खांदा बरा होणार की मी दुसरा माणूस बघू. मी म्हटलं होणार. ते माझ्या खांद्याकडे बघत होते आणि मी दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून उभा होतो. दुखऱ्या खांद्याचा माणूस असा उभा राहू शकत नाही, हे खोलीबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

तसं बघितलं तर दुखतं ते अगदी खांद्यात नाही. खांद्याच्या जरा खाली. असो.

कपडे बदलायच्या खोलीतली तुमची पाटी अजून आहे. ‘सुती कपडे घालून पाण्यात उतरू नये. बनियनसुद्धा.’ त्या ‘बनियनसुद्धा’खाली तुम्ही दोन रेघा मारून ठेवल्यात. रोज त्या रेघांखालून जातो आणि रोज तुमचा राग येतो. का ते विचारू नये.

बेडक्या


२ एप्रिल

बाबा,

बसून वाचा. आत्या, तू स्वयंपाकघरात जा.

खांद्याचं खोटं होतं. खांदा ठणठणीत आहे. जे झालंय ते छातीला झालंय, आणि ते का झालं हे सांगायला डोक्यापासून सुरुवात करावी लागेल.

माझे केस जायला लागले. तुम्ही म्हणाल, मग काय झालं, आपल्या घरात बाप्यांचे केस लग्नाला येतात आणि जेवून निघून जातात. तुम्ही ते हसून म्हणायचात आणि तुम्हाला ते शोभायचं. मला नाही शोभलं. एक आरसा पुढे, दुसरा मागे धरून मी ती टाळूवरची चकती बघायचो, तुमच्या सुनेच्या चष्म्याच्या दुकानातले ते दोन गोल आरसे आहेत ना, तेच घरी आणून. तिने विचारलं तर म्हटलं मानेवर काहीतरी चावलंय.

मग फोनवर एक जाहिरात दिसली. पाच-सहा प्रश्न विचारतात, तुम्ही टिचक्या मारायच्या, आणि घरी गोळ्यांची डबी येते. रोज एक. कोणत्याही डॉक्टरचं तोंड बघितलं नाही. डबीत घडी घातलेला कागद होता, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात बरंच काही होतं. तो मी वाचला नाही. केस मात्र राहिले, हे खरं सांगायला हवं. गळायचे थांबले. मी खूश होतो.

आता यातली गंमत बघा. मी दिवसभर असतो कुठे? तलावावर. डोक्यावर काय असतं? रबरी टोपी, तुमच्याच नियमाप्रमाणे, कानांच्या वरपर्यंत ओढलेली. आणि अंगावर काय असतं? काही नाही. म्हणजे डोकं माझं दिवसभर झाकलेलं आणि छाती दिवसभर उघडी, आणि मी झाकलेल्यासाठी उघडं पणाला लावून बसलो. जगात हा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला इतका चोख जमला नसता.

जानेवारीत एकदा पाण्यातून हातांवर जोर देऊन वर आलो, छाती कठड्याच्या फरशीवर घासली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. डाव्या बोंडाखाली बटणाएवढं काहीतरी टणक होतं. पुढे ते वाढलं. मग उजवीकडेही. आता दोन्हीकडे उंचवटा आहे, डावीकडे जास्त. चरबी नाही, बाबा, मी पोट तुमच्या नियमाने ठेवलंय. पोरीबाळींना वयात येताना दिसायला लागतं तसं काहीतरी. लिहिताना कान गरम झालेत.

पोहण्याचे ते अंगाला चिकटणारे नायलॉनचे सदरे मिळतात, तो आणून बघितला. ओला झाल्यावर त्यात जास्तच दिसतं. परत करून आलो. तेव्हापासून टी-शर्ट, काठ आणि शिट्टी.

भीती दोन प्रकारची होती. एक म्हणजे ही गाठ वाईट असेल तर. दुसरी म्हणजे वाईट नसेल आणि अशीच राहिली तर. खरं सांगतो, काही दिवस मला दुसरीच मोठी वाटत होती. पहिलीत निदान लोक हळहळतात.

घरातही सदरा काढेनासा झालो. पाठ करून झोपायला लागलो. तुमची सून काही दिवस मूग गिळून होती. मग एका सकाळी मी दाढी करत असताना मागे येऊन उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, दुसरं कोणी आहे का. मी सदरा वर केला आणि दाखवलं. दुसरं काय करणार होतो?

तिने चष्मा वर करून जवळून बघितलं, गिऱ्हाइकाच्या नाकावरची पट्टी बघते तसं. हसली नाही. मग ते गोल आरसे तिला आठवले आणि तिने गोळ्यांची डबी माझ्या पोहण्याच्या पिशवीतून बरोबर शोधून काढली. म्हणाली, “मला टक्कल चाललं असतं. पाठ फिरवलेली नाही चालत.” आणि रडली. मीही रडलो, अर्ध्या गालाला साबण तसाच.

त्याच दिवशी तिने मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयस्कर बाई आहेत, बोलायला कोरड्या, हात मात्र ऊबदार. दोन्हीकडे नीट तपासलं, काखेत तपासलं, जिथे तपासू नये असं मला वाटत होतं तिथेही तपासलं. मग विचारलं, काय काय घेता. मी म्हटलं काहीच नाही. तुमच्या सुनेने डबी टेबलावर ठेवली.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. पुरुषाच्या शरीरात पुरुषी हार्मोन असतं तसं थोडं बायकीही असतंच, प्रत्येकात. ही गोळी पुरुषी हार्मोनचा एक फाटा बंद करते, जो केसांच्या मुळावर उठतो तो. मग मागे साठतं त्यातलं थोडं दुसऱ्या बाजूला वळतं आणि पारडं कलतं. बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांना होतं. छातीत जी ग्रंथी आपल्या सगळ्यांनाच असते आणि पुरुषांत झोपलेली असते, ती जागी होते. मी विचारलं, म्हणजे मी बाई व्हायला लागलोय का? त्या म्हणाल्या, “नाही. तुम्ही औषधाचा कागद न वाचलेले पुरुष आहात. असे माझ्याकडे खूप येतात.”

सोनोग्राफी झाली, रक्त दिलं. गाठ वाईट नाही. गोळी बंद केली आहे. उतरायला काही महिने लागतील, थोडंफार राहीलही, फारच राहिलं तर लहानशी शस्त्रक्रिया असते. तोवर आहे हे असं आहे.

तर आता तुम्हाला कळलं की मी महिनाभर या असं का म्हणत होतो. तुमच्याशिवाय हे कोणाला लिहिलं नसतं. तुम्ही हसलात तरी चालेल. पण उत्तर पाठवा, कार्डावर चार ओळी का होईना.

बेडक्या

ताजा कलम: डॉक्टर आणखी एक बोलल्या, ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाल्या, हेच औषध जास्त ताकदीचं, उतारवयातल्या पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी देतात, प्रोस्टेट वाढली की. त्यांच्यातही काहींना छातीचं हे असंच होतं. “तुम्ही निदान तीन महिन्यांनी आलात. ते तर येतच नाहीत. जाड बनियन घालतात आणि घरी बसतात.”

मी उद्या आत्याला फोन करणार आहे. तुमच्यासाठी नाही. आत्यासाठी.


४ एप्रिल

बाबा,

आत्यावर रागावू नका. मी विचारलं नसतं तर ती बोलली नसती. मी म्हटलं, बाबांच्या जेवणानंतरच्या गोळीची पट्टी आण आणि त्यावरचं नाव वाच. ती म्हणाली, इंग्रजी आहे. मी म्हटलं, एकेक अक्षर सांग. माझी रिकामी डबी माझ्या हातात होती. ती एकेक अक्षर सांगत गेली आणि मी डबीवर बोट सरकवत गेलो. शेवटच्या अक्षरापर्यंत तेच. फक्त पुढचा आकडा तुमचा मोठा.

मग ती आपणहून बोलायला लागली. भर उन्हाळ्यातही तुम्ही बनियनवर बनियन घालता. अंघोळीला गेलात की कडी लावून दोनदा तपासता. अंगणातल्या दोरीवर तुमचे कपडे तुम्हीच वाळत घालता, तिला हात लावू देत नाही. आणि हल्ली गोळी कधी घेता, कधी खिडकीतून टाकता. टाकलीत की दोन दिवसांनी लघवीला त्रास होतो, मग पुन्हा घेता. तिला वाटलं होतं, भावाला वयामुळे विसरायला होतंय.

मी फोन ठेवला. तुमची सून चहा घेऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं.

बाबा, तुम्ही रुसला नव्हता.

तुम्ही त्या दिवशी गळ्यापर्यंत बटणं लावून खुर्चीत बसला होता, आणि समोर तुम्ही पोहायला शिकवलेली सगळी पोरं, आता बाप झालेली, ‘मास्तर, मास्तर’ करून हाका मारत होती. पाटी तुमचीच, नियम तुमचाच. बनियनसुद्धा नाही. जन्मभर उघड्या छातीने त्या पाण्यात उभा राहिलेला माणूस सदरा काढू शकत नव्हता आणि का ते पोटच्या पोरालाही सांगू शकत नव्हता. मी दोन वर्षं तुमच्यावरच्या रागाने जळत राहिलो. आणि तुम्ही मला तसंच जळू दिलंत. याबद्दल भांडायचं आहे, पण समोरासमोर.

आधी डॉक्टरकडे जा. इथल्या नाही, तिथल्या, आत्याला घेऊन. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही करू नका, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्यावर दुसरे उपाय असतात असं इथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या. आणि छाती दाखवा. आत्या बाहेर बसेल. गाठ आहे की नाही हे हाताने तपासूनच कळतं, दोन बनियनांवरून कळत नाही.

आता माझं ठरलंय ते सांगतो. पंधराला वर्ग आहे. व्यवस्थापकांना मी दुसरा माणूस बघू नका म्हणून सांगितलंय. मी सदरा काढून उतरणार आहे. ती पाण्याला घाबरलेली माणसं माझ्या छातीकडे बघतील, बघू देत. कोणी विचारलं तर सांगेन, औषधाने झालंय. त्यांच्यात एखादा तरी टाळूवर हात फिरवत घरी जाईल आणि डबीतला कागद वाचेल.

हे मी इथे झोकात लिहिलं. प्रत्यक्षात काल तलाव बंद झाल्यावर एकट्याने करून बघितलं. टी-शर्टचं खालचं टोक धरलं आणि पोटापर्यंत आणून सोडून दिलं. तीनदा. पाण्यात कोणी नव्हतं, तरी.

आणखी एक सांगतो, ते तुम्हाला माहीत नसेल. मी लहान असताना सुट्टीच्या दिवशी तलाव भरलेला असायचा, सगळीकडे डोकीच डोकी, आणि त्यात तुम्ही मला दिसेनासे व्हायचात. मग मी गॅलरीत चढायचो आणि ते एक चकचकीत डोकं शोधायचो. दिसलं की जीव भांड्यात पडायचा. तुम्ही तेव्हा टोपी घालत नसायचात, टक्कल असलेल्याला टोपीतून सूट आहे म्हणायचात. आणि तेच डोकं आपल्याला येऊ नये म्हणून मी गोळ्या खाल्ल्या. केस आता गळतील. गळू देत.

पंधरा तारीख सोमवारी आहे. सकाळी सातला. कळवून ठेवतो एवढंच.

बेडक्या


१० एप्रिल

बेडक्या,

पत्र आत्याने वाचलं नाही. मी वाचलं. नंतर मीच तिला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडते आहे, तू तिला सांगितलंस तिथेच.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण आहे, पण बरा आहे. दोन्ही बनियन काढले. वाईट काही नाही म्हणाला, तरी फोटो काढायला सांगितलाय, तो काढला. गोळी बदलून दिली. माझं फार दिवसांचं आहे, सगळं उतरेल असं नाही. तुझं उतरेल.

रुसलो होतो असं तुला वाटत होतं ते मला माहीत होतं. ते बरं वाटलं म्हणून राहू दिलं. रुसलेल्या माणसाला कोणी सदरा काढ म्हणत नाही. त्या दिवशी मला पाण्याची नव्हे, माणसांची भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा. तुला सांगायला हवं होतं. तुझा बाप मुलांना पाण्यात श्वास सोडायला शिकवायचा आणि स्वतः दोन वर्षं धरून बसला.

तुझं टी-शर्टचं टोक धरून सोडून देणं वाचलं. पुन्हा एकट्याने करू नको. नवशिक्याला एकट्याने तलावावर सोडायचं नाही हे मी तुला शिकवलंय.

आता ऐक. मी रविवारी संध्याकाळी पोचतो. न्यायला येऊ नको, रस्ता माहीत आहे. सूनबाईला सांग, रेडिओ हळू लावीन, कान दुरुस्त करून घेणार आहे.

पाटी काढून ठेव. नवीन लिहू, शिक्षक आणि शिकणारे ज्याला जे घालून उतरावंसं वाटेल ते घालून उतरतील, फक्त सुती नको. मला मात्र काही नको.

सोमवारी सातला तू उतरायचं नाहीस. तू काठावर थांबायचं, त्या सगळ्या घाबरलेल्या माणसांच्या रांगेत. छातीचं माझं तुझ्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे, आणि डोकंही जास्त चकाकतं. लोकांना जे बघायचंय ते माझ्याकडे बघून संपू दे.

आधी मी. मी पाण्यात उभा राहून हात पुढे करीन, मग तू.

बाबा